जोयड्याचे कंद

काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, डिग्गीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळते. तिच्या वाटेवर १९८७ साली १०१ मीटर उंचीचं सुपा धरण पुरं झालं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा गाव त्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, उठलेल्या कित्येक कुटुंबांना रामनगरला जागा मिळाली. या पाण्यावर पुढे नागझरीचं वीजघर चालतं आणि राज्यभर दिवे लागतात.

त्या विजेचं मोल मी कमी लेखत नाही. विजेवर कारखाने चालतात, दवाखाने चालतात, मुलं रात्री अभ्यास करतात. पण प्रगतीचा हिशोब मांडायचा तर ज्यांच्या शिवारावर पाणी चढलं, त्यांच्या घरात काय आलं, हेही त्याच वहीत लिहायला हवं. जोयड्यात तो रकाना फार काळ कोरा राहिला. बाकीचा तालुका बहुतेक जंगलाखाली. त्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. जंगलातल्या वाड्यांपर्यंत रस्ता न्यायचा किंवा विजेची तार ओढायची, तरी आधी परवानगी मागावी लागते.

या वाड्यांवर कुणबी राहतात. पूर्वी ते कुमरी करत. जंगलाचा एक तुकडा साफ करायचा, जाळायचा, त्यावर नाचणी-वरी काढायची आणि मग तो तुकडा पुन्हा रानाला सोडून द्यायचा. इंग्रजांच्या जंगल खात्याने एकोणिसाव्या शतकात तिच्यावर बंधनं आणत ती जवळजवळ मोडून काढली. शेती गेली, पण घराशेजारच्या परसातलं ज्ञान कुणाला मोडता आलं नाही. कोन, कणगा, मुडली, सुरण असे कितीतरी कंद इथल्या बायका पहिल्या पावसाच्या सुमारास लावतात आणि थंडीत खणून काढतात. कोणता कंद कोणत्या मातीत धरतो, कोणता आधी उकडून मग परतायचा, पुढच्या वर्षीचं बी कुठे नि कसं ठेवायचं, हे त्यांना ठाऊक असतं. त्याची पोथी नाही. आईच्या हाताखाली मुलगी शिकते.

अलीकडच्या काळात जोयड्यात थंडीच्या दिवसांत कंदांचा मेळावा भरू लागला. वाड्यावाड्यांवरून बायका टोपल्या भरून येतात, गिऱ्हाईक येतं, शेतीतले अभ्यासकही येतात. जे कंद कालपर्यंत गरिबाघरचं खाणं म्हणून बाजारात मिरवले नव्हते, त्यांना भाव मिळतो आणि तो पैसा लावणारणीच्या हातात पडतो. मला विकासाचं हे रूप फार मोलाचं वाटतं. इथे बाहेरून काही आणून बसवलं नाही. होतं त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याला जागा दिली, वाट दिली. सामाजिक प्रगती आणि आर्थिक प्रगती अशा दोन ओळी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत, कारण ज्या बाईच्या कंदाला दाम मिळतो तिच्या शब्दालाही घरात नि गावात वजन येतं.

पण ज्या परसात हा कंद पिकतो, ते परस कुणाच्या नावावर आहे? इथे गाठ पडते ती कागदाशी. अनमोड घाट उतरून गोव्यात गेलं की तिथल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. घाटावरचे कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. प्रश्न नुसत्या सवलतीचा नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमिनीवर राहत असल्याचं दाखवायचं. यादीबाहेरच्या कुटुंबाला मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, सिद्ध करावी लागतात. कागद जपून ठेवण्याची रीतच नसलेल्या घराने १९३० सालचा पुरावा कुठून आणावा? मला हा घाटावरच्या माणसांवर सरळ अन्याय वाटतो. जमिनीचा हक्क नसला की कर्ज अडतं, विहीर अडते, आणि एखादी चांगली योजना आली तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबते.

तरी त्याच कायद्याच्या नियमांत एक शहाणी तरतूद आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरला जातो. जुनी घरं, विहिरी, स्मशान, देवाची जागा यांचीही दखल घेतली जाते. दावे ऐकण्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. जोयड्यातली अमुक विहीर कुणी खणली, अमुक देवराईत कुणाच्या आज्याने नारळ ठेवला, हे सांगणारी माणसं अजून वाड्यांवर आहेत. त्यांची वयं झाली आहेत. धरणाची उंची मोजायला सरकारने माणसं पाठवली होती. या म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घ्यायलाही तशीच माणसं वाडीवाडीवर जायला हवीत, आणि तीही याच वर्षी.