पाऱ्याची साक्ष

मराठीत स्त्रीला 'दिवस जातात' आणि 'दिवस राहतात'ही. 'जाणे' आणि 'राहणे' ही एरवी परस्परविरुद्ध असलेली क्रियापदे या एका ठिकाणी समानार्थी होतात, ही भाषेच्या अभ्यासकाला कुतूहलाची वाटावी अशी गोष्ट आहे. दोन्ही प्रयोगांत स्त्रीने करावयाचे काम मात्र एकच: दिवस मोजणे. अपत्याची इच्छा ही आपण भावनेच्या प्रांतात ठेवतो. पण तिचा व्यवहार आरंभापासून गणिताचा राहिला आहे. हे गणित अधिक सूक्ष्म झाले, बोटांवरून कागदावर आणि कागदावरून पाऱ्यावर गेले, की इच्छा करणाऱ्या माणसांच्या नीतीत काही फरक पडतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्या मोजणीविषयी मी बोलत आहे तिची पद्धत साधी आहे. स्त्रीने पहाटे जाग येताच, अंथरुणातून न उठता, पाण्याचा घोटही न घेता, थर्मामीटर तोंडात धरावा आणि आकडा चौकटीच्या कागदावर टिंबाने मांडावा. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत ही टिंबे जोडली की बहुधा दोन पायऱ्यांची रेघ तयार होते. स्त्रीबीज सुटून गेल्यावर त्याच्या जागी जो पीतपिंड उरतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराचे विश्रांतीतील तापमान सुमारे अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने चढते. गर्भ न राहिल्यास सुमारे दोन आठवड्यांनी ते उतरते. राहिल्यास चढलेलेच राहते. एक रात्र जागरण झाले, सर्दी झाली, उठायला उशीर झाला, की आकडा बिघडतो. तेव्हा ही साक्ष तशी नाजूकच.

परंतु तिची खरी अडचण वेगळी आहे. सुटलेले स्त्रीबीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. म्हणजे गर्भधारणेला अनुकूल असे महिन्यातले सहाच दिवस, आणि बीज सुटण्याचा दिवस हा त्यांतील शेवटचा. पारा चढलेला दिसतो तेव्हा हे दिवस उलटून गेलेले असतात. न्यायदर्शनाने अनुमानाचे जे प्रकार सांगितले त्यांपैकी दोन येथे आठवतात: ढग पाहून पाऊस पडेल असे ताडणे हे पूर्ववत् अनुमान, आणि नदीला आलेला पूर पाहून वर कोठेतरी पाऊस पडून गेला असे जाणणे हे शेषवत्. पारा देतो ते सर्व शेषवत्. स्त्रीला हवे असते पूर्ववत्. मागील चार-सहा महिन्यांच्या रेघा समोर ठेवून येत्या महिन्याचा अंदाज बांधणे एवढेच तिच्या हाती राहते.

दिवस ठरवून देण्याची प्रथा आपल्याकडे अर्थातच जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. त्यांतील पहिल्या चार, तसेच अकरावी व तेरावी निषिद्ध. सम रात्री पुत्रासाठी, विषम कन्येसाठी. सम-विषमाचा भाग सोडून द्यावा. पण या सोळांपैकी उत्तरार्धातील रात्री नियमित पाळीच्या स्त्रीच्या बाबतीत आजच्या शास्त्राने सांगितलेल्या दिवसांशी बऱ्याच जुळतात. महाभारतात ऋतू व्यर्थ जाऊ देणे हा दोष मानला आहे. शर्मिष्ठेची याचना मान्य केल्याचे समर्थन करताना ययाती शुक्राचार्यांपुढे हाच आधार घेतो. मला अधिक बोचते ती आदिपर्वातील उत्तंकाची कथा. गुरू प्रवासात असताना घरच्या स्त्रिया उत्तंकाला सांगतात की उपाध्यायिनी ऋतुमती आहे, तिचा ऋतू वाया जाऊ नये असे तू कर. उत्तंक नकार देतो आणि परतल्यावर गुरू त्याच्यावर प्रसन्न होतात. शिष्याच्या संयमाची ही कथा म्हणून ती वाचली जाते. जिच्याविषयी ती आहे ती उपाध्यायिनी या प्रसंगात स्वतः एक शब्दही बोलत नाही. ती खिन्न आहे, एवढे इतर स्त्रिया तिच्या वतीने सांगतात. शर्मिष्ठेने निदान स्वतःच्या तोंडाने मागितले.

पाऱ्याचा इतिहास याहून अर्वाचीन, आणि त्याचा आरंभ अनपेक्षित ठिकाणी आहे. शिक्षणाच्या श्रमाने स्त्रीची जननक्षमता ढासळते, असा सिद्धांत एडवर्ड क्लार्क या बोस्टनच्या वैद्याने १८७३ मध्ये मांडला होता. त्याला उत्तर देणाऱ्या मेरी पटनम जाकोबी या स्त्री-वैद्याच्या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. त्या निबंधात शरीराच्या तापमानातील मासिक चढउतारांच्या नोंदी आहेत. स्त्रीला पाळीतही अभ्यास करता येतो हे दाखविण्यासाठी जमविलेल्या पुराव्यात ही रेघ प्रथम उमटावी, हे मला तेव्हा ठाऊक असते तर कदाचित थोडा धीर आला असता. पुढे जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये बीज सुटण्याचा काळ पुढच्या पाळीपासून मागे मोजून निश्चित केला. मूल हवे असणाऱ्यांना या ज्ञानाचा उपयोग व्हावा अशी त्यांची इच्छा होती. जगाने ते उलट्या कामाला लावले. आपल्या देशातही १९५० नंतरच्या दशकात, राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, दिल्लीतील लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे स्त्रियांना 'सुरक्षित' दिवस शिकविण्याचे प्रयोग झाले. दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळाही दिल्या गेल्या. प्रयोग फसले. एकच मोजणी दोन विरुद्ध इच्छांची सेवा करते. ज्ञान स्वतः कोणत्याही बाजूचे नसते. इथपर्यंत सारे सर्वमान्य आहे. प्रश्न पुढे आहे, आणि तो माझ्यापुढे ग्रंथांतून आलेला नाही.

१९८८ साली मी एका लहान गावातील महाविद्यालयात शिकवीत होते आणि प्रबंध लिहीत होते. लग्नाला सहा वर्षे झाली होती. डॉक्टरीणबाईंनी आलेखाचे कागद दिले. उशाशी थर्मामीटर, पेन्सिल आणि वही. पाच वाजता गजर. पारा झटकण्याचा आवाज शेजारच्या खोलीत सासूबाईंना ऐकू जाई. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण चहाच्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे पाहत. यजमान कामावर जाण्यापूर्वी वही उघडून पाहत. चेहऱ्यावरून निकाल वाचला जाणे मी समजू शकते. आकड्यावरून वाचला जाणे निराळे. रक्त दिसण्यापूर्वीच पारा उतरतो. म्हणजे घरातील सर्वांच्या आधी, अंधारात, एकट्या मला कळे. आणि मग दिवसभर ते माझ्याजवळ असे.

तेराव्या महिन्यात पारा चढला तो पंधरा दिवस उतरला नाही. सोळाव्या पहाटे तो ९७.४ होता. मी तसे टिंब दिले, ते खोडले आणि ९८.२ वर दिले. मला एक दिवस हवा होता, इतकेच. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी आली. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी रेघेवर बोट ठेवले आणि यजमानांदेखत म्हणाल्या, पारा सोळा दिवस वर राहिला आहे. कदाचित गर्भ धरला असेल आणि टिकला नसेल. यजमान परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. वर्षभरात त्यांनी डोळ्यांतून पाणी काढले नव्हते.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी झाली. ती इतक्या उशिरा का झाली, याला उत्तर नाही, किंवा ते सर्वांना ठाऊक आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. पण रोज पहाटे साक्ष द्यायची ती स्त्रीच्या देहाने, आणि पुरुषाची एकदाची तपासणी सर्व उपाय थकल्यावर. यजमानांचा अहवाल निराशाजनक होता. अशक्य नव्हे, पण फार दुर्मीळ, असे सांगण्यात आले. त्या दिवसापासून माझ्या वहीतील ते एक टिंब त्यांची मिळकत झाली. पुढे कोणी सहानुभूतीने विचारले की ते म्हणत, "एक राहिले होते."

कांटने १७९७ च्या निबंधात खुन्यालाही खोटे सांगण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे कर्णपर्वात कृष्ण कौशिक तापसाची कथा सांगतो: लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगितल्याने त्या सत्यवाद्याला नरक मिळाला. या दोन टोकांत माझे टिंब कोठे बसते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कृष्णाचा दाखला माझ्या सोयीचा असला तरी मला तो घेता येत नाही. कौशिकाने बोलावयाचे असत्य दुसऱ्याला वाचविण्यासाठी होते. मी लिहिलेले, ज्या क्षणी लिहिले त्या क्षणी, केवळ माझ्यासाठी होते. पण ते लिहिणे ही एक कृती आणि अहवालानंतर ते न पुसणे ही दुसरी. पहिलीत दुबळेपणा होता, आणि त्याला मी फार मोठे नाव देणार नाही. दुसरीत निवड होती, आणि ती मी सुमारे सत्तावीस वर्षे रोज नव्याने केली. यजमानांना वास्तवाचा हक्क होता, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालू शकत नाही. एवढेच म्हणेन की हे वास्तव त्यांना सांगणे म्हणजे जे मूल नव्हते तेच त्यांच्याकडून काढून घेणे होते. आणि हे काम करण्याचा अधिकार ज्या हाताने ते दिले होते त्याच हाताला कितपत उरतो, हे मला ठरविता आले नाही. मी बोलले नाही याचे श्रेय या विचाराला द्यावे की भीतीला, याविषयीही माझे मत वयाबरोबर बदलत आले आहे. सध्या ते भीतीच्या बाजूने आहे.

२०१६ साली यजमान गेले. अलीकडे माझी एक विद्यार्थिनी, जी आता स्वतः प्राध्यापक आहे, काही कामानिमित्त घरी आली होती. तीही मोजते आहे. तिचा थर्मामीटर आकडा स्वतःच दाखवितो, झटकावा लागत नाही. तुम्ही कधी मोजत होता का, असे तिने संकोचत विचारले. मी कपाटातून वही काढली. तिने एकेक पान उलटले, तेराव्या महिन्याशी थांबली आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या जागी तो पातळ झाला आहे. पेन्सिलीचा दाब राहतो. खालचे टिंब तिला दिसले. "बाई, इथे आधी दुसरे काही होते," ती म्हणाली.

यजमान सकाळी वही पाहत ती खिडकीशी उभे राहूनच.