रश्श्यात थोडं जास्त पाणी

माटुंगा रोडला पश्चिमेकडे उतरून लेडी जमशेटजी रस्ता धरावा आणि सरळ उत्तरेला चालत राहावं. माहीमच्या सेंट मायकल चर्चपाशी आपण पोचतो. दर बुधवारी तिथे नोव्हेनाची प्रार्थना होते, १९४८च्या सप्टेंबरपासून. रांगेत क्रूस घातलेल्या गळ्यांबरोबर मंगळसूत्रं असतात, बुरखेही असतात. घर हवं असेल तर मेणाचं छोटं घर वाहायचं, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गर्दी जवळच्याच मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याकडे वळते. तिथेही नुसते मुसलमान नसतात. दर्ग्याच्या मेळ्यात तर मानाची पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात.

मुंबईच्या सर्वधर्मसमभावाचा लेख इथेच पुरा करता येईल. बहुतेक जण करतातही. मला या रांगांचं कौतुक आहे, पण नवस बोलायला दुसऱ्याच्या दारात जाणं फारसं जड नसतं. आपण तिथे काहीतरी मागायला गेलेलो असतो. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची पाळी येते ती तो आपल्या जिन्यावर सामान घेऊन उभा राहतो तेव्हा.

लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण दयेची गोष्ट म्हणून ऐकतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलंय. याजक बगल देऊन जातो, लेवी जातो, आणि थांबतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी हे काही एकमेकांना अनोळखी लोक नव्हते. मोशेचे पाच ग्रंथ दोघांचे, पूर्वजही तेच. भांडण होतं ते देवाची उपासना यरुशलेमात करायची की गरिज्जीम डोंगरावर, यावर. बांधावरून कोर्टात गेलेल्या भाऊबंदांसारखंच ते वैर. ख्रिस्ती आणि मुसलमानांचंही थोडं तसंच आहे. कुराणातली एकोणिसावी सूरा मरियमच्या नावाची आहे, ईसाचा, म्हणजे येशूचा, कुमारीपोटी जन्म तिला मान्य आहे, तो देवाचा पुत्र असणं मात्र मान्य नाही. इतक्या जवळून सुरू झालेला मतभेद गोड बोलून मिटत नाही. येशूनेही गोष्टीत यहुदी-शोमरोन्यांचा मतभेद मिटवलेला नाही. शोमरोनी शोमरोनीच राहतो. तेल आणि द्राक्षारस जखमांवर ओततो, उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो आणि वर जो खर्च होईल तो परतताना भरीन म्हणतो. डोंगराचा प्रश्न तो काढत नाही.

कुराणाच्या चौथ्या सूरेत ज्यांच्याशी चांगलं वागायचं त्यांची यादी आहे. नात्यातला शेजारी तिच्यात आहे आणि परका शेजारीही आहे. माहीमला विसावलेल्या मखदूम साहेबांनी चौदाव्या-पंधराव्या शतकात अख्ख्या कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, तेव्हा हा परका शेजारी त्यांच्याही लेखणीखालून गेला असणार. पैगंबरांची एक शिकवण तर थेट चुलीपाशी येते: रस्सा करशील तेव्हा पाणी थोडं जास्त घाल आणि शेजाऱ्यांकडे पाठव.

माटुंग्यात मी हे लिहितो आहे, म्हणून इथे अडखळायला होतं. आमच्या भागात कित्येक इमारतींत घर मिळणं न मिळणं त्या रश्श्याच्या वासावरच ठरतं. ‘व्हेज फॅमिलीच हवी,’ असं एजंट फोनवरच सांगून टाकतो. त्या एका वाक्यात मुसलमानही बाहेर राहतो आणि ख्रिस्तीही. मग एकाच दारातून परतलेल्या या दोघांनी तरी एकमेकांना जागा द्यावी? तसंही सर्रास होत नाही. वांद्र्याला ख्रिस्ती समाजाच्या जुन्या सोसायट्या आहेत. १९९२-९३च्या दंगलींनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबं आपल्या माणसांत राहायला म्हणून मुंब्र्याला गेली. भीतीने एकत्र आलेल्यांना मी दोष देणार नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मोकळीक दिली. म्हणजे कायद्याची अडचण नाही. अडचण लूकची आहे, चौथ्या सूरेची आहे. परका शेजारी आधीच गाळून टाकला तर त्या आज्ञा पाळायच्या कोणाच्या बाबतीत?

(ज्या रस्त्याने आपण माहीमला गेलो तो एका पारशी बाईच्या नावाचा. पलीकडे वांद्र्याला जोडणारा कॉजवे १८४५ साली लोकांसाठी खुला झाला, तो तिने दिलेल्या १,५७,००० रुपयांतून. पलीकडे कोण राहतं, हे विचारून ते पैसे दिलेले नव्हते.)

शोमरोन्याची गोष्ट येशूने सांगितली ती ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारणाऱ्या एका शास्त्र्याला. ती संपल्यावर येशू त्याला विचारतो, या तिघांतला शेजारी कोण झाला? उत्तर उघड आहे, तरी शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हे नाव येत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणतो. आपल्या सोसायट्यांच्या कमिट्याही नाव घेत नाहीत. ‘जागा नुकतीच गेली,’ म्हणतात, ‘आम्ही फॅमिली बघून देतो,’ म्हणतात. त्या कमिटीत बुधवारी मेणबत्ती लावून आलेला सभासद असतो, आणि नकार देणारा घरमालक कधी जुम्म्याची नमाज पढून आलेला असतो. पुढच्या वेळी अर्ज समोर येईल तेव्हा त्यावरचं आडनाव त्यांनी मोठ्याने वाचावं आणि नाही म्हणायचं असेल तर त्या आडनावासकट म्हणावं.