गाडी थांबते तेथून पुढे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, २०:७-१४



हुबळी-धारवाडला राहणारा मनुष्य दोन मुलुखांच्या शिवेवर राहतो. नवलगुंदच्या बाजूला तोंड केले की काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. नजर अडेल असे काही नाही. पश्चिमेला वळले की चित्र पालटते. कलघटगी, अळणावर, हल्याळ, यल्लापूर अशी गावे मागे पडत जातात, माती तांबडी होते, भातशेती लागते, मग साग, बांबू, ओढे, आणि पुढे सह्याद्रीचे घाट.

आमच्या मंडळीतील तरुणांना ह्या डोंगरांचे फार वेड आहे. सुटी मिळाली की कोणी दांडेलीकडे जातो, कोणी रेल्वेने कॅसलरॉक ओलांडून गोव्यातील कुळे स्टेशनावर उतरतो आणि तेथून जीपने दूधसागर धबधब्याकडे. आडवाटेने जीप घालायची, जेथे ती थांबेल तेथून पायी निघायचे, यात त्यांना मोठा आनंद वाटतो. काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "पाळकसाहेब, हे योग्य आहे काय?" मी म्हणालो, वनखात्याची परवानगी घ्यावी, नेमलेली वाट सोडू नये, कचरा मागे ठेवू नये आणि रविवारची उपासना चुकवू नये, मग अवश्य जावे. डोंगर आमच्या पित्यानेच घडवले आहेत. पण त्या वाटांवर एक धडा शिकायला मिळतो. तो मला फार उशिरा मिळाला, म्हणून आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. वाचताना आपण बहुधा ती ओलांडून जातो. पौल त्रोवसात सात दिवस राहिला. शेवटच्या रात्री त्याचे भाषण लांबले, युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून पडला, प्रभूच्या कृपेने तो जिवंत परत मिळाला, आणि पहाटेपर्यंत संभाषण चालले. सकाळी सर्वांना अस्स या गावी जायचे होते. तारू तयार होते. सोबती तारवात बसले. पण पौलाने असे ठरवले होते की आपण मात्र पायी जायचे! तारवाला भूशिराला वळसा घालून जावे लागे. जमिनीवरची वाट सुमारे वीस मैलांची होती. रात्रभर जागलेला हा सेवक ती वाट पायी चालला आणि अस्स येथे तारवात चढला.

का, ते शास्त्र सांगत नाही. पण एवढे दिसते की वाहन समोर असताना ते सोडून चालण्याचे मोल पौलाला ठाऊक होते. ह्या वचनाच्या प्रकाशात तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट : वाहन ही देवाची देणगी आहे. पौल पुढे पुन्हा तारवात बसलाच. फिलिप्पाची गोष्ट पाहा. यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर तो पायी होता, आणि कूशी देशाचा अधिकारी रथात. आत्म्याने सांगताच फिलिप्प धावत रथापाशी गेला, वाचन ऐकले, प्रश्न विचारला, बोलावणे आल्यावर रथात चढून बसला. चालत्या रथातच सुवार्ता सांगितली गेली. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनाही नवा करार प्रथम रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाच्या हातून मिळाला, हे आपण सर्व जाणतो. बासेल मिशनचे सेवक १८३७ साली धारवाडास आले आणि १८३९ साली हुबळीस. तेव्हा येथे रेल्वे नव्हती. पुढे रेल्वे आली, हुबळीचा कारखाना उभा राहिला, आणि कामाच्या निमित्ताने कितीतरी कुटुंबे येथे स्थायिक झाली. तेव्हा चाकाला नावे ठेवणे आम्हांला शोभत नाही.

परंतु फिलिप्पाच्या गोष्टीचा शेवटही पाहा. पाणी दिसले, रथ थांबवला गेला, आणि दोघेही खाली उतरले. रथात बसून बाप्तिस्मा झाला नाही. चढण्याची वेळ असते, तशी उतरण्याचीही असते.

दुसरी गोष्ट : चांगला चालक आधी उतरतो. जीप ही दुसऱ्या महायुद्धाच्या कामासाठी अमेरिकेत तयार झालेली गाडी. रस्ता नसेल तेथे जाणे हेच तिचे काम. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. जीपमध्ये आणखी एक दांडा असतो, तो ओढला की चारही चाके जोर घेतात. आणखी खालचा गिअर टाकला की वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद वाढते. एवढे असूनही जाणता चालक ओढा दिसताच गाडी पाण्यात घालत नाही. तो उतरतो, पायजमा वर करतो, काठीने तळ चाचपतो, खड्डा कोठे, दगड कोठे, पलीकडचा काठ किती उभा, हे स्वतःच्या पायांनी पाहून येतो. मगच गाडी सुरू करतो. जो न उतरता घुसतो त्याची गाडी रुतते. रुतल्यावर त्याने घाईने आणखी गॅस दिला तर चाके जागच्या जागी गरगरा फिरतात, चिखल उडतो, आवाज मोठा होतो, आणि गाडी अधिकच खाली जाते.

बंधूंनो, आमच्या मंडळ्यांचेही कधी कधी असेच होत नाही काय? सभा होतात, ठराव होतात, वर्गणी जमते, अहवाल छापले जातात. चाके वेगाने फिरत असतात. पण कोणी उतरून तळ पाहिलेला नसतो.

तिसरी गोष्ट : हॉर्न वाजवणे म्हणजे भेट देणे नव्हे. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण यात दोष माझा आहे.

यल्लापूरच्या बाजूच्या रानात सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेचे. पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांनी त्यांना गुलाम करून ह्या किनाऱ्यावर आणले, आणि त्यांतील कितीएक सुटका करून घेऊन घाटावरच्या रानात शिरले. माणसे पकडून नेणाऱ्यांची चाके व घोडे जेथे पोहोचणार नाहीत तेथे त्यांनी घरे बांधली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा धारवाडचा कापूस कारवारच्या बंदरात नेण्यासाठी ह्या घाटांतील गाडीरस्त्यांना महत्त्व आले. रस्ते कापसासाठी झाले, लाकडासाठी झाले. वस्त्या त्यांपासून दूरच राहिल्या. सरकारदरबारी ह्या लोकांची अनुसूचित जमातींत नोंद व्हायला २००३ साल उजाडावे लागले.

अशा एका वस्तीला आम्ही दर नाताळच्या आधी कांबळी नेत असू. तेथे काही घरे ख्रिस्ती, काही हिंदू, कांबळी सर्वांनाच. आमच्या मंडळीतील एका निवृत्त कारागिराची जुनी जीप होती. ती रानातल्या वाटेने ओढ्यापर्यंत जाई. तेथे आम्ही तीनदा हॉर्न वाजवीत असू. थोड्या वेळाने पलीकडच्या झाडीतून बायामाणसे उतरून येत, रांग लागे, कांबळी वाटली जात, एक गीत, एक प्रार्थना, आणि अंधार पडण्यापूर्वी आम्ही हुबळीच्या रस्त्याला लागत असू. संध्याकाळी गायकवर्गाचा सराव असे. वार्षिक अहवालात मी लिहीत असे, "वस्तीला भेट दिली." चार वर्षे असे चालले.

पाचव्या वर्षी पावसाने वाट खचली होती. ओढा अजून मैलभर पुढे होता. चालकाने उतरून पाहिले आणि मान हलवली. मला सरावाची घाई होती; मी म्हणालो, "घालून पाहा." त्याने माझा मान राखला, आणि गाडी आसापर्यंत रुतली. हॉर्न वाजवला, पण त्या अंतरावरून तो कोणाला ऐकू येणार? शेवटी प्रत्येकाने पाठीवर एकेक गठ्ठा घेतला आणि आम्ही चालू लागलो.

ओढ्यापलीकडे घरे असतील असे मला वाटत होते. नव्हती. पलीकडे चढण होती. पुरी अर्धी घटका आम्ही चढत होतो. दोन ठिकाणी मी दम खाण्यासाठी बसलो. त्याच चढणीने डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली एक मुलगी आम्हांला मागे टाकून गेली. चार वर्षे मी ज्या लोकांना खाली बोलावीत होतो, ते ही चढण उतरून येत आणि पुन्हा चढून जात.

शेवटच्या घरात एक म्हातारी अंथरुणावर होती. तिची बोली कोकणी, पण मराठीशी इतकी मिळतीजुळती की बोलणे सहज झाले. मी विचारले, "आजी, तुम्हांला कांबळे मिळते ना?"

ती म्हणाली, "मिळते की. दर वर्षी सून आणते. तुमचा हॉर्नही ऐकू येतो. माणूस मात्र आजच आला."

मग कळले की तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधीच, तापाने वारला होता. सून दाराशी उभी होती. मी तिला ओळखले. त्या दुःखानंतर दोन नाताळ ती त्या रांगेत माझ्यासमोर उभी राहिली होती, आणि दोन्ही वेळा मी तिच्या हातात कांबळे दिले, शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या बाईकडे वळलो. मी तिला विचारले नाही. आणि विचारत नाही त्याला कोण सांगणार?

त्या रात्री आम्हांला परत येता आले नाही. आम्ही आणलेल्या कांबळ्यांतलीच काही त्या लोकांनी आम्हांला पांघरायला दिली. म्हातारीच्या उशाशी बसून आम्ही तिच्या मुलाविषयी ऐकत राहिलो. प्रार्थना फार लांब नव्हती. ऐकणे लांब होते. सकाळी वस्तीतील दहा-बारा जण खाली आले. त्यांनी चाकांखालचा चिखल उपसला, दगड आणि फांद्या घातल्या, आणि खांदा लावून आमची गाडी बाहेर काढली. ज्यांना मदत करायला गेलो त्यांनीच आमची सुटका केली. गायकवर्गाचा सराव चुकला. त्या नाताळचा उपदेश मात्र मला नव्याने लिहावा लागला.

प्रियांनो, ही गोष्ट केवळ रानातली नाही. हुबळी ते धारवाड बारा-तेरा मैलांचे अंतर. चिगरी बसने आपण ते आरामात कापतो. हातातल्या फोनवरून शंभर घरांना एका क्षणात वचन पाठवतो. हे सर्व चांगले आहे. पण तोही एक हॉर्नच आहे. घर ऐकते की कोणीतरी वाजवला. कोणी आले का? आपल्या मंडळीत अशी एक तरी विधवा आहे, जिच्या दाराशी नाताळचा डबा पोहोचतो आणि पाय पोहोचत नाहीत. असा एक तरी वृद्ध आहे, जो दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून उपासनेला येऊ शकत नाही. त्याच्या वीस पायऱ्या आपल्याला घाटाहून उंच वाटतात. असा एक तरी तरुण आहे, जो दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतो, आपण त्याच्याशी हस्तांदोलन करतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो.

गाडी जेथपर्यंत जाते तेथपर्यंत तिने खुशाल न्यावे. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्याही धबधब्याच्या पायथ्याला टेकत नाहीत. शेवटची वाट श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच दगडांवरून पायी चालावी लागते. दुसऱ्याच्या दुःखापर्यंतची वाट तशीच आहे.

आणि आमचा प्रभू? त्याने स्वर्गातून हाक मारून, "खाली या, घेऊन जा," असे म्हटले नाही. तो स्वतः देह धारण करून आला. गालीलाच्या वाटा त्याने पायी तुडवल्या. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो चालून थकला आणि विहिरीपाशी टेकला, तेव्हाच त्या शोमरोनी स्त्रीची भेट झाली. गुलगुथ्याची वाट तो पायी चालला. आणि पुनरुत्थानाच्या दिवशी, जेव्हा त्याला कोणत्याही वाटेची गरज उरली नव्हती, तेव्हासुद्धा तो अम्माऊसच्या वाटेवर दोन खिन्न शिष्यांच्या बरोबरीने चालत गेला. आणि त्याने आधी त्यांना विचारले, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? सर्व जाणणाऱ्याने विचारले. आम्ही काहीच जाणत नाही, आणि विचारतही नाही!

हा अंक हातातून खाली ठेवण्यापूर्वी एक नाव मनात आणा. ज्याला तुमचा हॉर्न ऐकू जातो, पण ज्याने तुमचे पाऊल पाहिलेले नाही, असे एक नाव. ह्या आठवड्यात त्या घरी जा. हाती काही नसले तरी चालेल. बसा, विचारा आणि ऐका.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यापर्यंत चालत आलास. आमच्या वाहनांबद्दल, साधनांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. पण जेथे ती थांबतात तेथे आम्ही थांबू नये, अशी कृपा कर. उतरण्याची वेळ आम्हांला ओळखू दे, चढणीला लागणारे बळ दे, आणि ज्याच्या दाराशी आम्ही पोहोचू त्याचे ऐकून घेणारे कान दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.