पाठीमागचा शिक्का

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस विसरले गेले, असं म्हणायची सोय नाही. खानदेशात कुणालाही विचारा, गोष्ट तयार असते. विलायतेत शिकून आलेला पारशी तरुण, मुंबईत राहिलेली प्रेयसी, तिने दिलेला शब्द, आणि मग स्टेशनाजवळच्या बंगल्यात रोज रात्री मेल गाडीची वाट पाहत काढलेला जन्म. मूस 1912 साली जन्मले आणि 1989 च्या शेवटच्या दिवशी गेले. त्यातली शेवटची पन्नासेक वर्षं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण त्यांचं एखादं छायाचित्र डोळ्यांसमोर येतंय का, असं विचारलं, की सांगणाऱ्याची पंचाईत होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या विस्मृत छायाचित्रकारांना हुडकून काढायची सध्या जगभर लाट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2021 साली त्या काळात कॅमेरा हाती घेतलेल्या स्त्रियांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात आपल्या होमाई व्यारावालाही होत्या. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यांनी काढलेली सुरुवातीची छायाचित्रं नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने छापून येत. चित्र हजारो वाचकांनी पाहिलं; बाई कुणाला दिसली नाही.

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. चित्र हरवलं म्हणून चित्रकार विसरला गेला, असंही होतं. पण बरेचदा चित्र शाबूत असतं आणि त्याच्यापुढे कुणीतरी मोठं येऊन उभं राहतं. कधी नवरा, कधी नेता, कधी लेणं. 1936 च्या फैजपूर काँग्रेसचे फोटो आपण शाळेपासून पाहत आलो. नेहरू कोणते, गांधीजी कुठे बसलेत, नंदलाल बोसांनी उभारलेली सजावट कशी होती, हे सगळं आपण बोटाने दाखवतो. पण समोर उभं राहून बटण दाबणारा कोण होता? हा प्रश्नच कधी मनात येत नाही.

लेण्यांचं तर आमच्या पहूरला रोजचंच. अजिंठ्याला जाणाऱ्यांची वाट आमच्या गावावरून जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी सुरू झाली. तिला आम्ही आजही पीजेच म्हणतो. तिच्यामुळे लेण्यांसाठी पहूरला उतरून पुढे फर्दापूर गाठायची सोय झाली. अलीकडे ब्रिटिश खानदेश, पलीकडे निजामाचं राज्य. त्याच निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम यझदानी यांनी 1930 पासून अजिंठ्याचे भव्य चित्रग्रंथ काढले. ‘छायाचित्रणावर आधारित’ असं त्या ग्रंथांच्या लांबलचक नावातच म्हटलेलं आहे. त्याच नावात विवरण लिहिणाऱ्या यझदानींना जागा आहे, प्रस्तावना लिहिणाऱ्या लॉरेन्स बिन्यनना आहे. अंधाऱ्या लेण्यात उजेडाची सोय लावत कॅमेरा मांडणाऱ्या ई. एल. वॅसींना नाही. यात यझदानींचा दोष काढायचा नाही. छायाचित्र म्हणजे यंत्राचं काम, विद्वत्ता ती लिहिणाऱ्याची, ही तेव्हाची सरळ समजूत होती. ती अजून पुरती गेलेली नाही.

मग नाव सापडलं की काम झालं का? संग्रहालयांना तसं वाटतं खरं. नाव मिळालं की चरित्र लिहिता येतं, पुस्तक काढता येतं, लिलावात भावही चढतो. म्हणून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं 1930-31 च्या कायदेभंगावरचं प्रदर्शन मला जास्त मोलाचं वाटतं. ते उभं राहिलं दिल्लीच्या अल्काझी संग्रहातल्या 245 छायाचित्रांच्या एका अल्बमवर. अल्बमवर नाव आहे कुणा नर्सी यांचं. फोटो कुणाचे, ते कळत नाही. चौपाटीवर मीठ करणारी गर्दी, परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन करणाऱ्या देशसेविका, पोलिसांच्या लाठ्या. मांडणाऱ्यांनी फोटोग्राफरचा पुतळा उभारायचा हट्ट धरला नाही. त्याऐवजी या बायका कोण होत्या, कॅमेऱ्यासमोर त्या अशा धीटपणे का उभ्या राहिल्या, हे विचारलं. पुढे उभा राहिलेला पुढारी थोडा बाजूला सरला, तेव्हा कुठे चित्र दिसायला लागलं.

मूसांच्या बाबतीत बाजूला सारायची आहे ती प्रेमकथा. शेफील्डला कमर्शियल आर्ट शिकून ते दुसरं महायुद्ध तोंडावर आलं असताना परतले. टेबल-टॉप छायाचित्रण ही त्यांची खासियत. त्या काळच्या कॅमेरा क्लबांचा हा आवडता खेळ. टेबलावर कापूस, मीठ, काचेचा तुकडा अशा घरगुती सामानातून अख्खा देखावा रचायचा आणि भिंग इतकं जवळ न्यायचं की मीठ बर्फ व्हावं, काच तळं व्हावं. दिव्याची जागा दोन बोटं चुकली तरी सावली चुगली करते. हे काम करणाऱ्याला घराबाहेर पडायची गरजच काय? पन्नास वर्षांचा एकांत हा विरहापेक्षा कामाच्या पद्धतीचा भाग असेल, अशी मला दाट शंका आहे. पण ही शंका बोलून दाखवली की लोक नाराज होतात, त्याला इलाज नाही.

आपल्याकडच्या साध्या स्टुडिओवाल्यांच्या नशिबी तर दंतकथाही नाही. त्या काळच्या फोटोला जाड पुठ्ठा असे आणि स्टुडिओचं नाव त्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवर उठवलेलं किंवा पाठीमागे शिक्क्यात असे. आजोबांचा फोटो नव्या फ्रेमीत बसेना, की फ्रेमवाला पहिल्यांदा तीच कड कापतो. पुण्यतिथीच्या फ्लेक्ससाठी तर फक्त चेहरा लागतो. टोपी नीट केली जाते, मागचा रंगवलेला पडदा पुसून निळं आभाळ घातलं जातं, पुठ्ठा दुकानाच्या कोपऱ्यात पडतो. निदान कात्री लावण्याआधी फोटो उलटा करून मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा, एवढं फ्लेक्सवाल्या पोराला सांगता येईल. त्याला पैसे पडत नाहीत आणि वेळही लागत नाही.