हे वाच, मग बोलू

मित्राला एखादे पुस्तक किंवा चित्रपट सुचवताना आपण त्याच्याकडे त्याचा वेळ मागत असतो. आपल्या शब्दावर त्याने विश्वास ठेवावा, अशीही त्यात मागणी असते. म्हणून सुचवणे ही जबाबदारी आहे. ती कशी निभवावी, हे धारवाडच्या मंडळींकडून शिकावे.

धारवाडच्या सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमालेचा माळा आहे. तिथले लोक त्याला ‘अट्ट’ म्हणतात. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली ही ग्रंथमाला सुरू केली आणि तो माळा लेखक-वाचकांची बैठक बनला. कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा चोखंदळ समीक्षक त्या बैठकीत असे. कन्नडमध्ये कसदार ऐतिहासिक नाटक नाही, अशी खंत कुर्तकोटींनी मांडली होती. ती नाटककार गिरीश कार्नाडांच्या मनाला लागली आणि १९६४ साली त्यांचे ‘तुघलक’ हे नाटक आले. आवडलेले सांगणारे पुष्कळ भेटतात. उणीव दाखवून मित्राला कामाला लावणारा क्वचितच भेटतो.

कन्नड लेखक अनंतमूर्तींची ‘संस्कार’ ही कादंबरी १९६५ साली याच ग्रंथमालेने प्रकाशित केली. तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कार्नाडांनी पटकथा लिहिली, नायक प्राणेशाचार्यांची भूमिकाही केली. १९७०च्या त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ए. के. रामानुजन यांनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती कृती मोठी होत गेली. याच रामानुजनांकडून ऐकलेल्या लोककथांवर कार्नाडांनी ‘नागमंडल’ हे नाटक उभे केले, आणि तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले. देणाऱ्याने हात आखडला नाही, घेणाऱ्याने ऋण लपवले नाही.

मराठी वाचकाला धारवाड म्हटले की जी. ए. कुलकर्णी आठवतात. तिथल्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवत. सभा-समारंभांपासून दूर राहणारा हा लेखक पत्रांत मात्र मोकळा होई. सुनीता देशपांडे आणि इतर स्नेह्यांना लिहिलेली त्यांची निवडक पत्रे मौज प्रकाशनाने चार खंडांत छापली आहेत. त्यांत पुस्तकांविषयी भरभरून बोलणे आहे. समोर एकच माणूस ठेवून लिहिल्याने त्या बोलण्याला ऊब आली आहे. ज्याला सांगायचे त्याची आवड, त्याचा स्वभाव, त्याचे सध्याचे दिवस ठाऊक असले, तरच आपले सुचवणे त्याच्या उपयोगी पडते.

आज आपल्या फोनवर ‘वाचायलाच हवीत अशी पुस्तके’, ‘चुकवू नयेत असे चित्रपट’ अशा याद्या रोज येऊन पडतात. पाठवणाऱ्याने त्यातले किती वाचले, किती पाहिले, हे आपण विचारत नाही. यादी पुढे ढकलायला काहीच खर्च येत नाही, म्हणून तिचे ओझेही कोणाला वाटत नाही. ‘अजून वाचलं नाहीस?’ असे विचारून समोरच्याला खजील करणे हा तर त्याहून वाईट प्रकार. त्यात मित्राचे भले कुठेच नसते, आपला मोठेपणा तेवढा असतो.

घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. वाचले नसेल तर तसे सांगावे. आवडले नसेल तर का, ते सांगावे. गुळमुळीत ‘छान आहे’ म्हणण्याने सुचवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि पुढचा संवाद तिथेच थांबतो. आणि त्या पुस्तकातून आपल्याला काही गवसले, तर ते कोणामुळे हातात आले, हे चारचौघांत सांगायला संकोच करू नये.

हुबळी-धारवाडमध्ये एक सोय आपसूक आहे. तिथे मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मराठी घरात वाढलेल्या कवी बेंद्र्यांनी कन्नड कवितेला शिखरावर नेले, तेही धारवाडातच. शेजारच्या भाषेतले एखादे पुस्तक मित्राने सुचवले, तर अनुवाद शोधून का होईना, ते वाचावे.

या आठवड्यात एवढे करा. स्वतः वाचलेले एकच पुस्तक, एकाच मित्राला, त्यालाच का, हे सांगून सुचवा. त्याच्याकडूनही एक मागून घ्या, आणि ते वाचून होईपर्यंत त्याला दुसरे सुचवू नका.