चेंबरातलं ऑइल किती तापलंय?

गाडी सावलीत उभी आहे. इंजिन रात्रभर बंद होतं. पत्र्याला हात लावला तर गार लागतो. बॅटरीची अर्थची तार सोडवून ठेवा, मागचं झाकण उघडा, आणि लगेच काही करू नका. थोडा वेळ नुसतं बघा.

फोक्सवॅगन बीटलच्या या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या, आडवे निजलेले. वर पंखा. खाली जेमतेम अडीच लिटर ऑइल. वंगणाचं काम त्याच्याकडे आहेच, शिवाय उष्णता वाहून नेण्याचंही आहे. पंप ते चेंबरातून उचलतो, पंख्याच्या आवरणातल्या कूलरमधून फिरवून बेअरिंगांपर्यंत पोचवतो, आणि ते निथळत पुन्हा खाली येतं. या फेरीवर मन ठेवा. एक फेरी सावकाश पुरी करा, मग दुसरी. जुन्या रचनेत हा कूलर तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाऱ्यातच उभा असतो. त्या सिलिंडरला आधीच तापलेला वारा मिळतो. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला, तोवर हा भार त्याने सोसला.

आता मनाने पुढे, चालकाच्या जागेवर या. ऑइलच्या तापमानाचा काटा इथे नाही. फोक्सवॅगनने बहुतेक बीटलना दोनच इशारे दिले: ऑइलच्या दाबाचा दिवा आणि जनरेटरचा दिवा. जनरेटरच्या दिव्यापाशी जरा थांबा. कूलिंगचा पंखा जनरेटरच्याच दांड्यावर बसवलेला आहे आणि दोघांना एकच पट्टा फिरवतो. चालता चालता पट्टा तुटला तर लाल दिवा लागतो आणि त्याच क्षणी वाराही थांबलेला असतो. चार्जिंगचा म्हणून लावलेला हा दिवा इंजिन जळण्यापासून वाचवतो. या काटकसरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे दोन्ही दिवे काहीतरी बिघडल्यावरच बोलतात. ऑइल हळूहळू तापत जातं, पातळ होतं, दाब उतरू लागतो. तेवढ्या वेळात पुढे काहीच दिसत नाही. तुम्ही आज डिपस्टिक बदलणार आहात ती या मधल्या काळासाठी.

जनरेटरच्या खाली, पुलीजवळ जुनी डिपस्टिक आहे. ती काढा, फडक्याने पुसा, नवीशेजारी ठेवा. नवीच्या टोकाला सेन्सर आहे, डोक्याला तारेची जागा; ती तार पुढे चालकासमोरच्या गेजला जाईल. दोन्हींची लांबी जुळते का? खुणा त्याच उंचीवर येतात का? घाई करू नका, या पायरीत सगळं आहे. टोक आखूड पडलं तर ते ऑइलऐवजी वरच्या हवेचं तापमान सांगेल. लांब झालं तर आत फिरणाऱ्या भागांना लागू शकतं. जुनी डिपस्टिक फेकू नका. पातळीबद्दल शंका आली की खरं तीच सांगेल.

बसवण्याआधी एक पातेलं पाणी उकळा. गेज गाडीच्या व्होल्टेजचाच हवा, सहाचा की बाराचा ते आधी पाहा, आणि सेन्सर त्या गेजच्या जोडीचाच हवा. सेन्सरच्या धातूच्या अंगाला वेगळी तार लावून ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा, सेन्सरची तार गेजला, गेज बॅटरीला, आणि टोक उकळत्या पाण्यात धरा. मुंबईत काटा १०० अंशांवर यायला हवा. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तिथे ९८ हेच खरं. काटा चढताना बघत राहा. नजर त्याच्या चालीवर असू द्या.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा सेन्सर गरम होतो तसा त्याचा रोध कमी होतो आणि काटा वर जातो. त्याची अर्थ डिपस्टिकच्या नळीतून मिळते. नळीवर रंग किंवा चिकट मळ असेल तर मधे जादा रोध येतो, आणि गेज ऑइल आहे त्यापेक्षा गार दाखवतो. तार पूर्ण तुटली तर काटा तळाशी पडून राहतो. तार कुठे सोलून पत्र्याला टेकली तर मात्र तो एकदम टोकाला जातो. म्हणजे निम्म्याहून अधिक दोष स्वस्थतेचं रूप घेऊन येतात. हे स्वतःशी पुन्हा म्हणा: काटा खाली आहे, एवढ्यावरून इंजिन गार आहे असं ठरत नाही. म्हणून नळीचं तोंड चकचकीत घासा. तार पट्टा आणि पुलीपासून लांब बांधा. पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घाला, आणि गालिच्याखालून ती पुढे आणा.

डिपस्टिक बसवा, बॅटरीची अर्थ पुन्हा जोडा आणि गाडी बाहेर काढा. पहिल्यांदा काटा खूप वेळ हलणार नाही. थांबा. सिलिंडरचे हेड काही मिनिटांत तापतात, ऑइल मागून येतं. आत्ता दिसणारा आकडा म्हणजे गेल्या काही किलोमीटरांतल्या चढाचा आणि वेगाचा परिणाम. सपाट रस्त्यावर तो ८० ते ११०च्या दरम्यान कुठेतरी स्थिरावेल. कुठे, ते तुमच्या गाडीचं तुम्हीच शिकायचं. फार गार राहणंही बरं नाही, ऑइलमधला ओलावा मग उडून जात नाही.

एप्रिलच्या दुपारी खंडाळ्याच्या चढावर तो ११५ ओलांडेल तेव्हा चौथ्यात रेटू नका. तिसरा टाका, पाय हलका करा. फेरे वाढले की पंखाही जोरात फिरतो. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, कारण इंजिनाबरोबर पंखाही थांबेल. दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या.

आणि सपाटीवरही काटा रोजच्यापेक्षा दहा अंश वर राहू लागला, तर गेजवर शंका घेण्याआधी इंजिनाभोवतीची रबरी पट्टी पाहा. ती फाटली की खालचा तापलेला वारा पंखा पुन्हा आत ओढतो. मग कूलरच्या पात्यांत अडकलेली धूळ पाहा. हे उद्या सकाळी, इंजिन गार असताना.