पात्र आणि पाणी

संस्कृत भाषेने पाण्याला ‘जीवन’ हे नाव बहाल केले, आणि पाणी घालणे म्हणजे जीव देणे हे समीकरण आपल्या मनात इतके दृढमूल होऊन बसले की, पाण्याने कोणाचे अकल्याण होऊ शकेल अशी शंकादेखील सहसा कोणाला शिवत नाही. रणरणत्या उन्हात पाणपोई चालविणारा, पिंडीवर अभिषेकपात्र टांगणारा आणि स्नान होताच तुळशीवृंदावनाकडे वळणारी गृहिणी ही सारी एकाच श्रद्धेची माणसे आहेत, आणि मीही त्याच श्रद्धेत वाढलो आहे. म्हणूनच माझ्या सज्जातील आमरीचे, म्हणजे ज्याला सर्वत्र ऑर्किड म्हणतात त्या रोपाचे, मरण पाण्यावाचून नव्हे तर पाण्यामुळे ओढवले हे कळले, तेव्हा झालेले दुःख एका रोपापुरते राहिले नाही. जे कर्म शुद्ध हेतूने, फळाची आशा न धरता, नित्यनेमाने केले, ते घातक ठरले, तर त्याचा दोष कर्त्याला लागतो की नाही, हा प्रश्न त्या रिकाम्या कुंडीने माझ्यापुढे उभा केला.

हकीकत साधी आहे. ते रोप फॅलेनॉप्सिस जातीचे होते. दररोज सकाळी एक पेला पाणी, हा मी मुक्रर केलेला शिरस्ता. त्यात कधी खंड पडला नाही. काही महिन्यांनी पाने सुरकुतली, मऊ पडली. सुरकुतलेले पान तहानेची खूण, अशी मनाची खातरजमा असल्याने मी पेल्याचे दोन पेले केले. वास्तविक मुळे आधीच कुजली होती, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरत होते. अतिपाण्याची आणि पाण्याच्या अभावाची खूण एकच असावी, आणि कनवाळू माणसाचा हात त्या खुणेने नेमका चुकीच्या दिशेला वळावा, हे मला आजही अस्वस्थ करते.

या वनस्पतीचा मूळ स्वभाव पाहिला असता तर हे टळले असते. घरोघरी आढळणाऱ्या आमरींपैकी बहुतेक वृक्षवासी आहेत. आपल्या सह्याद्रीतली, पावसाच्या तोंडाशी झुपक्यांनी लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे सांगावयास नको. पुष्कळजण तिला बांडगूळ म्हणतात, तो तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ यजमान वृक्षाचा रस शोषते, ही मात्र केवळ आधार घेते. तिची मुळे मातीत नव्हे, हवेत नांदतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. सर येताच ते भरभरून पाणी पिते, वारा येताच वाळते, आणि त्या वाळण्यातच मुळांना श्वास मिळतो. कोरडे असता मूळ रुपेरी पांढरे दिसते, ओले होताच आतला हिरवा रंग उमटतो. ज्याला पाहण्याची सवड आहे, त्याच्यासाठी तहानेची दरखास्त त्या मुळानेच लिहून ठेवलेली असते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार सांगितला आहे. दानाच्या चर्चेत ‘पात्र’ याचा अर्थ आपण बहुधा योग्यता असा घेतो, म्हणजे घेणारा सत्पात्री आहे की नाही याची चौकशी करतो. परंतु पात्र म्हणजे भांडेही. आणि कोणत्या भांड्यात किती मावते, त्यातून काय झिरपते, हे जाणणे हाही पात्रविचारच आहे, किंबहुना मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लॅस्टिकची ओल धरून ठेवते. नारळाच्या सोडणाचे तुकडे पाणी राखतात, कोळसा आणि विटांचे तुकडे ते वाहून जाऊ देतात. फॅलेनॉप्सिसला पाण्याचा साठा करणारे कांड नसल्याने ते फार काळ कोरडे राहू नये. हिवाळ्यात पाने गाळणाऱ्या डेंड्रोबियमच्या मांसल कांडात शिधा साठविलेला असतो, म्हणून त्या ऋतूत त्याचे पाणी जवळजवळ तहकूब करावे. आणि उघड्या मुळांनी टांगलेल्या व्हँडाला उन्हाळ्यात रोज भिजवावे लागते. काळाचे म्हणाल तर सकाळची वेळ उत्तम, कारण पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी दिवसभरात सुकते. रात्रभर तेथेच राहिले तर रोपाचा गाभा कुजतो. द्यावयाचे तेव्हा मात्र कृपणपणे शिंपडू नये. कुंडीच्या बुडातून धार लागेपर्यंत घालावे, सारे निथळू द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. पावसाचे पाणी मिळाल्यास त्याहून चांगले काही नाही. विहिरीच्या जड पाण्याने क्षारांचा पांढरा थर चढतो.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे नव्हते, यात समाधान नाही, पण बोध आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात, उष्ण देशातले रोप म्हणजे त्याला उष्णता आणि वाफच हवी, अशा समजुतीने धनिकांनी आमरी कोंदट काचगृहांत ठेवल्या आणि त्या मोठ्या संख्येने मेल्या. चॅट्सवर्थ येथील ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने खेळती हवा आणि जातिपरत्वे निरनिराळे तापमान यांची तजवीज केली. 1835 मध्ये तेथून जॉन गिब्सन या माळ्याला हिंदुस्थानात पाठविण्यात आले, आणि खासी टेकड्यांतून आमरींचा मोठा संग्रह घेऊन तो 1837 मध्ये परतला. खासी टेकड्यांतली रोपे थंड हवेची होती. ‘उष्ण देश’ या एका शब्दाने त्यांचा स्वभाव ठरत नव्हता.

तेव्हा दोषाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, तो लागतो. निष्कामता कर्त्याला लोभापासून वाचवील. ज्याच्यावर कर्म घडते त्याला ती वाचवीत नाही. पात्राचे ज्ञान ही कर्माला मागाहून जोडावयाची शोभा नसून त्याचे अंगच आहे, आणि ते अंग वगळून मी जी सेवा केली ती माझ्या मनाच्या समाधानाची सेवा होती. येथे कोणी विचारील की, मग नित्यनेमाचे काय? तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या माझ्या आईचा नेम व्यर्थ होता काय? मुळीच नव्हे. मी तिचा तांब्या पाहिला, तिचे थांबणे पाहिले नाही. ती आधी वृंदावनातली माती चाचपडत असे, पिवळे पान खुडत असे, आणि पावसाळ्यात नुसते हात जोडून परतत असे. नित्यकर्म जाऊन पाहण्याचे होते. पाणी हा त्या पाहण्याचा कधीकधी निघणारा निष्कर्ष. गीतेने कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहावयास सांगितले आहे. हातात भरलेली झारी असताना ती न ओतता परत नेणे, हे मला माहीत असलेले त्याचे सर्वांत अवघड उदाहरण आहे.

माझ्या सज्जात आता दुसरी आमरी आहे. तिला पाण्याचा वार ठरलेला नाही. वाचकहो, आपल्या घरी एखादी असेल तर उद्या सकाळी कुंडीत पहिल्या पेरापर्यंत बोट घालून पाहा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.